‘अपटेक’ला मराठी शब्द सुचवा (आणि आजीला माझी पीएच.डी. कशी समजावू?)

कृष्णाकाठी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सांगलीची. पीएच.डी.चं चौथं वर्ष चालू आहे. हाडांच्या टोकांवर सांध्यात जी पांढरी, गुळगुळीत कूर्चा असते, तिच्यात कुठली प्रथिनं किती शिरतात आणि आत गेल्यावर कशाला धरून बसतात, हा माझा विषय. कच्चा माल म्हणजे शेळीचा गुडघा. दर रविवारी सकाळी सातला मी मटणाच्या दुकानात रांगेत उभी असते. पुढचे लोक फरा, चाप, नळी मागतात आणि मी म्हणते, “मामा, दोन गुडघे, सांधा उघडू नका.” घरात कुणीतरी हाड मोडून पडलंय आणि त्याच्यासाठी पाया सूप चाललंय, अशी मामांची समजूत आहे. मी ती दूर केलेली नाही, कारण ते पैसे कमी घेतात.

तर प्रश्न असा. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त माझ्या जुन्या शाळेत अर्धा तास बोलायचंय, मराठीतून. समोर आठवी-नववीची मुलं आणि पहिल्या रांगेत माझी आजी, वय ७९, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. चार वर्षं मी तिला ‘गुडघ्यावर काम करते’ एवढंच सांगितलंय. तिनं गल्लीत मी गुडघ्याची डॉक्टर होणार असं जाहीर करून टाकलंय.

गाडी पहिल्याच शब्दावर अडली आहे. अपटेक, म्हणजे कूर्चेनं प्रथिन आत घेणं. ‘शोषण’ म्हटलं की कूर्चेविरुद्ध मोर्चाच काढावा लागेल. अवशोषण, अधिशोषण म्हटलं की मुलं झोपतील. गाइडनी ‘अधिग्रहण’ सुचवलं. आमच्याकडं अधिग्रहण म्हटलं की लोक सातबारा घेऊन हजर होतात.

सुचवा काहीतरी.

खवचट_काका
‘शोषण’च ठेवा. पीएच.डी. करणाऱ्याचं होतं तेच, कूर्चेचं फक्त नाव पुढं करायचं.

भडंगवाली
एवढा विचार कसला? मुरणं! लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, गुलाबजाम पाकात मुरतात. आजींना एका शब्दात कळेल.

धोपटमार्गी
आधी ‘कूर्चा’ तरी कळू दे. आमच्या वेळी पुस्तकात ‘कास्थी’ होतं. आणि घरात ते हाडाचं टोक, जे आपण कुरुम कुरुम चावतो ते.

पीएच_सात
भडंगवाली, शब्द गोड आहे पण उदाहरण गंडलंय. लोणच्यात मुख्य काय घडतं? मिठामुळं फोडीतलं पाणी बाहेर येतं. ती खाराची देवघेव आहे. कृष्णाकाठी यांच्या प्रयोगात प्रथिनासारखा मोठा रेणू आत जातोय आणि आतल्या कशाला तरी धरून बसतोय. ‘आत जाणं’ आणि ‘आत राहणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एका शब्दात कोंबू नयेत.

भडंगवाली
अहो पीएच_सात, पाणी बाहेर येतं ते पहिले चार दिवस. मेथी-मोहरीचा वास फोडीच्या गाभ्यापर्यंत जातो तो नंतर. पहिल्या दिवशी फोड धुतली तर मसाला निघून जातो, सहा महिन्यांनी धुवून बघा. तुम्ही लोणचं घातलंय की फक्त खाल्लंय?

पीएच_सात
फक्त खाल्लंय. शरण.

तंबोरा
आम्ही मिरजेचे, घरात तीन पिढ्या सतार-तंबोऱ्याचं काम. शब्दांत आमची पण भर घ्या. सुकलेला भोपळा कापण्या-वाकवण्याआधी भिजवतात, तेव्हा पाणी सालीतून *झिरपतं*. रंग लाकडात *भिनतो*. पॉलिश वरच *बसतं*. आणि सरस दोन्ही बाजूंना *धरतो*. चारही गोष्टी वेगळ्या आणि हाताला वेगळ्या लागतात. एकच शब्द शोधू नका, चार वापरा.

अवांतर: आजोबा सरस गरम करायला ठेवायचे तेव्हा अख्ख्या गल्लीला कळायचं. तो वास ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

कृष्णाकाठी
तंबोरा दादा, दंडवत! माझ्या विषयाचे चार भाग तुम्ही चार क्रियापदांत मांडलेत. आणि सरस म्हणजे तरी काय, कातडी-हाडं उकळून काढलेलं कोलॅजनच. कूर्चेचा सांगाडाही कोलॅजनचाच, फक्त प्रकार दुसरा.

थोडं सविस्तर सांगते, म्हणजे उदाहरणं तपासता येतील. कूर्चेत ६५ ते ८० टक्के पाणी असतं. उरलेल्यात कोलॅजनचं जाळं आणि त्या जाळ्यात अडकलेले बाटली धुवायच्या ब्रशसारखे रेणू, प्रोटिओग्लायकन. या ब्रशच्या केसांवर ऋण विद्युत प्रभार खच्चून भरलेला असतो. रक्तवाहिनी एकही नाही, नस नाही. म्हणजे आतल्या पेशींना जे मिळायचं ते बाहेरच्या सांध्यातल्या द्रवातून, आपापल्या पायांनी चालत.

आता मजा बघा. रक्तातलं अल्ब्युमिन, साधारण ६६ हजार डाल्टनचं (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) आणि ऋण प्रभाराचं. ते कूर्चेत जवळपास शिरतच नाही, बाहेर जेवढं दाट असतं त्याच्या अगदी थोडा अंश आत मिळतो. उलट अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइम, १४ हजारांच्या आसपास आणि धन प्रभाराचं, ते आत बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट साठतं. ‘लहान आहे म्हणून शिरतं’ असं म्हणावं, तर अंड्यातलंच अ‍ॅव्हिडिन घ्या. आकारानं अल्ब्युमिनएवढंच, पण धन प्रभाराचं. अमेरिकेत एमआयटीतल्या प्रयोगात ते कूर्चेत बाहेरच्या द्रावणाच्या शंभर पटींहून जास्त साठलेलं दिसलं. त्याचंच प्रभार काढून टाकलेलं भावंड मात्र दारातच रेंगाळलं.

आणि पीएच_सात, तुमच्या लोणच्यात मीठ लागतं, माझ्याकडं मीठ घातलं की खेळ बिघडतो. मिठाचे आयन मध्ये येऊन धन-ऋणाची ओढ झाकून टाकतात आणि लायसोझाइम आत जायचं कमी होतं. ओढ प्रभाराचीच आहे की आणखी कशाची, हे बघायची माझी रोजची परीक्षा तीच.

खवचट_काका
म्हणजे कूर्चा कायम ऋणात, आणि दारात धन दिसलं की ओढून घेणार. आमच्या सोसायटीची कथा.

बेदाणा_किंग
ताई आमी तासगावकडचं. शिक्शान कमी पन बेदाण्याचं सांगतो. द्राक्ष नुसतं वाळत घातलं तर लवकर वाळत न्हाई, सालीवर मेन अस्तंय. म्हनून पोटॅश आन् डिपिंग ऑइलच्या पान्यात बुडवून काढायचं, मग शेडमधी जाळीवर. पंधरा दिसांत माल तयार. आत घालायचं असू दे न्हाई तर भाईर काढायचं, सगळा खेळ सालीवर हाय.

कृष्णाकाठी
किंगभाऊ, हे मी भाषणात घेणार, तुमच्या नावानिशी! कूर्चेतही वरचा पातळ थर वेगळाच. तिथं कोलॅजनचे धागे पृष्ठभागाला समांतर, दाट विणलेले. खोल गेलं की ते उभे होतात. मी तो वरचा थर खरवडून एक प्रयोग केला होता, तर सगळे आकडे बदलले.

लालपरी
रच्याकने, ‘वरच बसणं’ यावर एक गोष्ट. रक्त एखाद्या काचेला किंवा प्लॅस्टिकला लागलं की त्यावर आधी कुठलं प्रथिन बसतं? जे संख्येनं जास्त आणि चपळ ते. मग हळूहळू कमी संख्येचं पण घट्ट धरणारं प्रथिन येतं आणि आधीच्याला उठवून बसतं. याला व्रोमन परिणाम म्हणतात, लिओ व्रोमन नावाच्या संशोधकावरून. गृहस्थ डच, रक्ताचा अभ्यास करायचे आणि शिवाय कवी म्हणून मायदेशी प्रसिद्ध.

आता सांगली-स्वारगेट एसटी डोळ्यांपुढं आणा. गाडी लागली की आधी खिडकीतून रुमाल टाकणारी चपळ कॉलेजची पोरं. इस्लामपूर येईपर्यंत एक मावशी डोक्यावरचं गाठोडं त्यांच्या मांडीवर ठेवतात. कराडला पोरं उभी आणि मावशी बसलेल्या. त्या पुण्यापर्यंत उठत नाहीत.

भडंगवाली
लालपरी =))

धोपटमार्गी
कवी आणि रक्तशास्त्रज्ञ! इथल्या कविता विभागात रक्त आटवणारे पुष्कळ आहेत, अभ्यास करणारा एक तरी निघावा.

लेन्सवाली
माझ्या जुन्या कॉन्टॅक्ट लेन्स आठवड्यात धुरकट व्हायच्या. डॉक्टर म्हणाले अश्रूंतलं प्रथिन बसतं. हे तेच का?

कृष्णाकाठी
बरोब्बर तेच, आणि प्रथिनही बहुतेक तेच! अश्रूंत लायसोझाइम भरपूर असतं. लेन्सच्या काही जाती पाणी धरून ठेवाव्यात म्हणून ऋण प्रभाराच्या बनवतात, मग लायसोझाइम त्यांच्यावर बसतं एवढंच नाही, आतही शिरतं. पेनिसिलिनवाल्या फ्लेमिंगनी १९२१ मध्ये लायसोझाइम शोधलं तेव्हा त्यांच्या प्रयोगशाळेत अश्रूंना फार मागणी होती म्हणतात. आमच्या प्रयोगशाळेत ती टंचाई कधीच भासली नाही.

करदाता_नं_१
कुणाला राग येईल पण बोलतो. शेळीच्या गुडघ्यात अंड्याचं पाणी किती शिरतं हे मोजायला सरकार पाच वर्षं पगार देतं. गावात पीएचसीला डॉक्टर नाही. याचा उपयोग काय, हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर विषय चुकला.

पीएच_सात
पगार नाही, फेलोशिप. जानेवारी २०२३ पासून ज्युनिअरला महिना ३७ हजार, सिनिअरला ४२. आणि ती वेळेवर आली तर पेढे वाटतात, साताऱ्याचे कंदी.

जुना_मास्तर
करदाते, एक जुनी गोष्ट ऐका. १९५४-५५ साली मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था कोलॅजनची रचना शोधत होते. त्यांना हवे होते शुद्ध, एका दिशेनं लागलेले धागे. शेजारच्या चर्मसंशोधन संस्थेकडून जे मिळाले ते कांगारूच्या शेपटीचे. हो, कांगारूच्या! तेव्हाही कुणीतरी म्हणालं असेल, देश नवा, खायला नाही आणि हे कांगारूची शेपटी बघत बसलेत. त्यातून तीन पेडांची वेणी निघाली, जी आज जगातल्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. आपल्या कातडीपासून डोळ्याच्या बुबुळापर्यंत तीच वेणी.

तरी तुमचा प्रश्न चूक आहे असं मी म्हणत नाही. पीएचसीला डॉक्टर हवाच. फक्त तो शेळीच्या गुडघ्यामुळं अडलेला नाही.

हाडाचा_डॉक्टर
उपयोग मी सांगतो. तीस वर्षं मिरजेत हाडांची ओपीडी केली. गुडघ्यात इंजेक्शन दिलं की औषधाचे छोटे रेणू काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत सांध्यातून धुऊन जातात. पेशंट महिन्यानं येतो, ‘डॉक्टर, परत द्या.’ आता असं वाहन मिळालं, जे औषध पाठीवर घेऊन कूर्चेत शिरेल आणि तिथंच आठवडाभर बसेल, तर सुया कमी होतील. ते वाहन शोधायचं तर आधी काय शिरतं आणि का टिकतं हे कुणीतरी मोजलं पाहिजे. झालं एक वाक्य? चार झाली. असो.

आणि एक मेख. बाईंचा कच्चा माल कोवळ्या, धडधाकट शेळीचा. झिजलेल्या गुडघ्यात ते ऋण प्रभाराचे ब्रशच सगळ्यात आधी कमी होतात. म्हणजे गरज जिथं जास्त, तिथं ओढ कमी. हा भाग तुमच्या प्रबंधात आहे का?

कृष्णाकाठी
डॉक्टरसाहेब, तिसरं प्रकरण तेच. एन्झाइम घालून ब्रश मुद्दाम कातरते आणि परत मोजते. कमी होतंच, पण शून्यावर येत नाही. या उरलेल्या ओढीवरच माझा सगळा जीव आहे.

गृहकृत्यदक्ष
डॉक्टर आलेच आहेत तर विचारून घेते. पाया सूपनं गुडघे सुधारतात का? आणि ते कोलॅजनचे डबे, हजार-हजार रुपयांचे?

हाडाचा_डॉक्टर
वाटच बघत होतो :) पोटात गेलेलं कोलॅजन पचतं. अमिनो आम्लं आणि काही बारीक तुकडे होऊन रक्तात जातं. त्यावर ‘गुडघ्याकडे’ असा पत्ता लिहिलेला नसतो. सूप चवीला घ्या, डब्याचे पैसे वाचवा. शरीराला कोलॅजनची वेणी घट्ट विणायला क जीवनसत्त्व मात्र लागतंच, त्याला आवळा पुरतो.

आणि चाला. कूर्चा स्पंजसारखी दबते-फुगते, त्या दाबानं द्रव आत-बाहेर खेळतो आणि मोठ्या रेणूंना आत जायला धक्का मिळतो. आजींना सांगा, दुखत असलं तरी झेपेल तेवढं, सपाटीवर.

धोपटमार्गी
धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत मूळ प्रश्नाकडं या. शब्द कुठला ठरला?

शंकासुर
शब्दापेक्षा मला आकड्यांत रस आहे. कृष्णाकाठी, तुम्ही आत गेलेलं लायसोझाइम मोजता कसं? फ्लुरोसंट रंग लावून?

कृष्णाकाठी
हो, फ्लुरोसीन जोडून. मग कूर्चेच्या चकतीतून किती चमक आली ते बघते.

शंकासुर
मग एक विचारतो, रागावू नका. तो रंग चिकटतो लायसिनवर, म्हणजे प्रथिनातल्या धन प्रभाराच्या एका अमिनो आम्लावर. कोंबडीच्या अंड्यातल्या लायसोझाइमवर लायसिन सहाच. प्रत्येक रंगाच्या रेणूमागं तुम्ही एक धन प्रभार खाता, आणि वर फ्लुरोसीन स्वतः ऋण. प्रभाराच्या ओढीवर प्रबंध, आणि मोजायची फूटपट्टीच प्रभार बदलते?

खवचट_काका
इथं पाणी मुरतंय.

कृष्णाकाठी
शंकासुर, रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि माझी झोप उडाली आहे. रंगाचं प्रमाण कमी ठेवते, एका प्रथिनामागं सरासरी एकाहून कमी. पण सरासरी ही सरासरी, काहींवर दोन-तीन असणारच. रंग न लावता, प्रथिनं शोषतात त्या २८० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजून बघितलं होतं, तर कूर्चा स्वतःचीच प्रथिनं बाहेर सोडते आणि सगळं एकमेकांत मिसळतं.

शंकासुर
लायसोझाइमला स्वतःचं काम येतं की, जिवाणू फोडायचं! मायक्रोकॉकस जिवाणूंचं गढूळ पाणी घ्या, ४५० नॅनोमीटरला गढूळपणा किती वेगानं उतरतो ते मोजा. कूर्चेची बाकी प्रथिनं तिथं लुडबुड करणार नाहीत. बाहेरच्या द्रावणातलं काम किती घटलं, तेवढं आत गेलं.

कृष्णाकाठी
पहिल्या वर्षी हे शिकले होते आणि किचकट म्हणून सोडलं होतं. चार दिवस द्या.

तंबोरा
चार दिवसांत काय होतंय? आमच्याकडं जव्हारी लावायला, म्हणजे तारेखालची घोडी घासून सूर जुळवायला, त्याहून वेळ लागतो.

जुना_मास्तर
तोवर शाळेसाठी एक सुचवतो. शाळेच्या प्रयोगशाळेत कांद्याचा पापुद्रा रंगवायला सॅफ्रानिन असतं, बहुधा इओसिनही. सॅफ्रानिन धन, इओसिन ऋण. दोन कपांत दोन रंग, दोन्हीत कूर्चेचा एकेक तुकडा. मग दोन्ही नळाखाली धुवा. पोरांना व्याख्या सांगावी लागणार नाही. हातमोजे घाला, नाहीतर मुरण्याचा प्रयोग तुमच्याच बोटांवर होईल.

आणि तुकडे पातळ कापा. जाडी दुप्पट केली तर वेळ चौपट लागतो, तास तेवढ्यात संपायचा.

भडंगवाली
म्हणूनच कैरीची फोड लहान चिरतात!! मुरणं जिंकलं.

कृष्णाकाठी
मंडळी, मार्च उजाडला, उशिराबद्दल माफी. दोन्ही हिशेब देते.

आधी शाळा. मास्तरांचा प्रयोग जमला. सॅफ्रानिनचा तुकडा लालभडक, धुतला तरी तसाच. इओसिनचा गुलाबी झाला आणि धुतल्यावर बराचसा फिका पडला. मग लाल तुकडा खाऱ्या पाण्यात टाकला तर पाण्यात रंग उतरू लागला, आणि मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, लोणच्याच्या उलटं!” भडंगवाली, पीएच_सात, हा तुमच्या भांडणाचा निकाल समजा. एक शिक्षिका हाडाचा तुकडा बघून बाहेर गेल्या, तेवढं सोडलं तर सगळं ठीक. शब्द मी चार वापरले: आधी झिरपतं, मग भिनतं, कुठंतरी धरतं, आणि या सगळ्याला मिळून मुरणं. एसटीची मावशीही घेतली, सगळ्यात जास्त टाळ्या तिला. बेदाण्यालाही हशा-टाळ्या मिळाल्या, किंगभाऊ. गाइडनी मात्र गोषवाऱ्यात ‘मुरणे’ खोडून परत ‘अधिग्रहण’ केलंय. वाद चालू आहे.

आता शंकासुर. चार दिवसांचे तीन आठवडे झाले. रंग न लावलेलं लायसोझाइम रंगवलेल्यापेक्षा स्पष्टपणे जास्त आत जातं. कल तोच, मीठ घातल्यावर कमी होणंही तसंच, पण माझे आतापर्यंतचे सगळे आकडे खालच्या बाजूला चुकलेले. दुसरं प्रकरण परत लिहितेय. काका, पाणी मुरत होतं.

हाडाचा_डॉक्टर
परीक्षकानं तोंडी परीक्षेत विचारण्याआधी इथं विचारलं गेलं, हे बरं. आजी काय म्हणाल्या?

कृष्णाकाठी
पूर्ण अर्धा तास ऐकलं. रिक्षात बसल्यावर विचारलं, “त्या गुडघ्याचं पुढं काय करतीस?” म्हटलं, टाकून देतो, रसायनं लागलेली असतात. विश्रामबागपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, “दर रविवारी दोन? चार वर्षं?” आणि बोटांवर हिशेब करायला लागली.

खवचट_काका
आता त्या मटणवाल्या मामांना तरी खरं सांगून टाका.

कृष्णाकाठी
सांगितलं. या रविवारी पूर्ण पैसे पडले.